प्रोजेक्टरच्या जुन्या जर्मन लेन्सने बुडबुड्यांचं बॅकग्राउंड: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

फुलाच्या मागे, साबणाच्या फुग्यांसारख्या कडा चमकणाऱ्या गोल चकत्या तरंगणारा फोटो पाहिला की लोक विचारतात, हे एडिटिंग आहे का? नाही. ते लेन्सचं काम आहे, आणि तेही जुन्या, साध्या, तीन भिंगांच्या लेन्सचं. मग पुढचा प्रश्न, कोणती लेन्स? इथे बहुतेकांना ‘मेयर ऑप्टिक ट्रायोप्लान 100 मिमी’ हे नाव सापडतं, किंमत दिसते आणि नाद तिथेच सुटतो.

सोडू नका. ट्रायोप्लानचीच भावंडं स्लाइड प्रोजेक्टरमध्ये बसवून विकली जायची आणि ती आजही तिच्या मानाने फारच स्वस्तात मिळतात. फक्त ती कॅमेऱ्याला थेट बसत नाहीत. हा लेख मुख्यतः त्या बसवण्याबद्दल आहे, कारण अडतं तिथेच.

1. आधी हे कशामुळे होतं ते समजून घ्या

तीन भिंगांची ‘ट्रिप्लेट’ रचना 1893 सालची, इंग्लंडमधल्या डेनिस टेलर यांची. कमी काचेत चांगली प्रतिमा मिळत असल्याने पुढे अनेक कंपन्यांनी ती वापरली. जर्मनीतल्या गोर्लित्झ गावच्या ह्युगो मेयर कंपनीने (स्थापना 1896) तिच्यावर ट्रायोप्लान काढली.

लेन्सच्या कडेने जाणारे किरण आणि मधून जाणारे किरण एकाच ठिकाणी मिळत नाहीत, हा जुना दोष. तो सुधारताना दुरुस्ती गरजेपेक्षा थोडी जास्त झाली, की फोकसच्या मागच्या प्रत्येक प्रकाशबिंदूची चकती तयार होताना प्रकाश मधे कमी आणि काठावर जास्त साठतो. म्हणून काठ उजळ आणि पोट फिकट. नेमक्या वस्तूवर मात्र फोकस बऱ्यापैकी धारदार राहतो, भोवती हलकी चमक असते.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. हे फुगे विषयाच्या मागे दिसतात. विषयाच्या पुढे असलेले दिवे उलट मऊ, कडा विरलेले दिसतात. आणि छिद्र (लेन्समधली उजेड आत सोडणारी, लहान-मोठी होणारी जागा; तिचं माप ‘एफ’ने सांगतात, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) पूर्ण उघडं असतानाच फुगे मिळतात. एफ 5.6 केलंत की सगळा खेळ संपला. ट्रायोप्लानच्या जुन्या प्रतींमध्ये छिद्राला 15 पाती आहेत म्हणून लोक जास्त पैसे मोजतात, पण फुगे हवे असतील तर ती पाती मिटायचीच नाहीत. मग त्यांचे पैसे कशाला?

गरगरणारं बॅकग्राउंड हा वेगळा प्रकार. त्यात चकत्या कडेला लिंबाच्या फोडीसारख्या चपट्या होतात आणि सगळं मधोमध भोवऱ्यात फिरल्यासारखं दिसतं. त्यासाठी कार्ल झाइस येनाची बायोटार 58 मिमी एफ 2 प्रसिद्ध आहे. रशियन हेलिओस 44 तिचीच नक्कल. भारतात ती जास्त सहज मिळते. भोवरा कडेला असतो, त्यामुळे एपीएस-सी या लहान मापाच्या सेन्सरवर तो बराच कापला जातो. तो पूर्ण हवा असेल तर फुल फ्रेम (24 × 36 मिमी) सेन्सर लागतो. फुग्यांना मात्र लहान सेन्सर चालतो.

2. कोणती लेन्स घ्यायची

माझं मत सरळ आहे: पहिली लेन्स म्हणून मेयर ऑप्टिक डायाप्लान किंवा पेंटाकॉन एव्ही, 80 किंवा 100 मिमी, एफ 2.8. दोन्ही प्रोजेक्टरच्या ट्रिप्लेट आहेत. 1968 मध्ये मेयरचा कारखाना पेंटाकॉनमध्ये विलीन झाला आणि पुढे नाव बदललं, इतकंच. 35 मिमीची स्लाइड 24 × 36 मिमी असते, त्यामुळे या लेन्स फुल फ्रेम सेन्सर आरामात झाकतात.

फोकस रिंग, लहान-मोठं होणारं छिद्र, माउंट (कॅमेऱ्याला जोडणारं कडं) यांतलं काहीच या लेन्सना नसतं. एफ 2.8 कायमचं.

हे झंझट नको असेल तर दुसरा पर्याय मेयर डोमिप्लान 50 मिमी एफ 2.8. ही कॅमेऱ्याचीच लेन्स आहे, तीन भिंगांची, प्राक्टिका आणि एक्सा कॅमेऱ्यांबरोबर ढिगाने विकली गेली. एम 42 (42 मिमी व्यासाच्या आट्यांचं जुनं माउंट) असलेली घेतली तर साध्या अडॅप्टरने पाच मिनिटांत बसते. फुगे लहान येतात, कारण लेन्स 50 मिमीची आहे. हिचं छिद्र अडकतं ही जगजाहीर तक्रार आहे, पण उघडं अडकलं असेल तर आपल्याला काय फरक पडतो? बंद अडकलेली घेऊ नका.

ओरेस्टर 135 मिमी एफ 2.8 सुंदर आहे, पण तिचं बॅकग्राउंड लोण्यासारखं मऊ. फुग्यांसाठी आलेले लोक ती घेऊन हिरमुसतात.

सिनेमाच्या 35 मिमी प्रोजेक्टरच्या लेन्सबद्दलही विचारणा होते. एकपडदा थिएटरं डिजिटल झाली तेव्हा जुनी यंत्रं भंगारात निघाली आणि त्यांच्या लेन्स जुन्या बाजारात दिसू लागल्या. इस्को ग्योटिंगेन किंवा श्नायडर क्रॉयत्सनाख अशी नावं दिसली तर हातात घेऊन बघा. या जड असतात, उजेड भरपूर देतात, पण त्यांची रचना वेगळी, त्यामुळे फुगे मिळतीलच असं नाही. 16 मिमी प्रोजेक्टरच्या लेन्स सध्या टाळा. ती फ्रेम जेमतेम 10 मिमी रुंद असते, त्यामुळे मोठ्या सेन्सरवर कोपरे काळे पडतात.

3. तुमचा कॅमेरा चालेल का

मिररलेस (आत आरसा नसलेला) असेल तर चालेल. कारण माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर. सोनी ई 18 मिमी, फुजी एक्स 17.7, निकॉन झेड 16, कॅनन आरएफ 20. एम 42 लेन्सना 45.46 मिमी लागतं. मधे जी मोकळी जागा उरते तिच्यात अडॅप्टर आणि फोकसची यंत्रणा बसते.

डीएसएलआर (आत आरसा असलेला) असेल तर कॅनन ईएफला (44 मिमी) एम 42 लेन्स पातळ अडॅप्टरने चालतात. निकॉनचं अंतर 46.5 मिमी, म्हणजे एम 42 पेक्षा जास्त, त्यामुळे दूरवर फोकस जात नाही. मधे काच असलेला अडॅप्टर घेतला तर जातो, पण ती स्वस्त काच प्रतिमेची वाट लावते. जवळच्या फुलांपुरतंच काम असेल तर बिनकाचेचा अडॅप्टर घ्या.

4. कुठे शोधायची आणि हातात घेतल्यावर काय बघायचं

मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. लेन्स सुटी मिळेलच असं नाही. अख्खा बंद पडलेला स्लाइड प्रोजेक्टर मिळाला तर तो घ्या, आतली लेन्स काढा. दुकानदाराला ‘कॅमेऱ्याची लेन्स’ म्हणून विचारू नका, भाव चढतो. ‘स्लाइडचं मशीन आहे का’ असं विचारा.

जर्मनीत कोणी नातेवाईक किंवा मित्र असतील तर उत्तम. तिकडच्या शनिवार-रविवारच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात प्रोजेक्टर कवडीमोलाने पडलेले असतात. त्यांना लेन्सच्या पुढच्या कड्यावरचं नाव, फोकल लांबी आणि एफ क्रमांक यांचा फोटो आधी पाठवायला सांगा. एव्ही नावाखाली इतर लांबीच्याही लेन्स आहेत; 150 मिमीची घेऊन आलात तर नळी लांबलचक होते आणि हातात धरून फोटो काढणं अवघड जातं.

तपासणी मोबाइलच्या टॉर्चने. लेन्स डोळ्यासमोर धरा, टॉर्च मागच्या बाजूने थोडी तिरकी मारा आणि लेन्स हळूहळू फिरवा:

- बुरशी: काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या, फांद्या फुटलेल्या बारीक रेषा. काठाशी एखादी असेल तर चालते. मधोमध पसरली असेल तर ठेवून द्या. बुरशी काचेचा थर खाते. पुसली तरी खुणा राहतात.
- धुरकटपणा: सगळ्या काचेवर पातळ दुधी पडदा. साध्या उजेडात दिसत नाही, टॉर्चमध्ये लगेच दिसतो. फोटो पांढरट येतात. प्रोजेक्टरच्या लेन्सची भिंगं बहुधा एका कड्याने धरलेली असतात, त्यामुळे ती काढून साफ करता येतात. धीर हवा.
- धूळ: दुर्लक्ष करा. विक्रेते हिच्यावरूनच घासाघीस करू देतात, तो फायदा घ्या.
- ओरखडे: पुढच्या काचेवरचे बारीक ओरखडे चालतात. मागच्या काचेवरचे जास्त त्रास देतात.

झाइसच्या लेन्सवर नुसतं ‘aus JENA’ आणि नावाऐवजी एक अक्षर दिसलं तर बनावट समजू नका. युद्धानंतर पूर्व आणि पश्चिम जर्मनीतल्या दोन झाइसमध्ये नावाचा वाद होता, म्हणून काही देशांत जाणाऱ्या पूर्वेकडच्या लेन्सवर बायोटारसाठी ‘B’, टेसारसाठी ‘T’ एवढंच छापत. लाल रंगातला ‘T’ मात्र वेगळा. तो काचेवरच्या थराची खूण आहे. मेयरच्या लेन्सवर त्याच अर्थाने ‘V’ असतो.

5. बाहेरून मागवत असाल तर

परदेशातून कुरिअरने येणाऱ्या पार्सलवर कस्टम ड्यूटी, त्यावर कर आणि कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क लागतं. स्वस्त लेन्सच्या बाबतीत हे सगळं मिळून लेन्सच्या किमतीच्या बरोबरीला येऊ शकतं, म्हणून हिशेब आधी करा. हाताशी ठेवायच्या गोष्टी:

- आधार किंवा पासपोर्ट, आणि पॅन. कुरिअर कंपनी केवायसीसाठी मागते.
- पार्सलवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं. एकीकडे टोपणनाव आणि दुसरीकडे पूर्ण नाव असलं की पार्सल अडकतं.
- विक्रेत्याचं बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा.
- विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट, ज्यात ‘वापरलेली लेन्स’ आणि किंमत दिसते.

विक्रेत्याला ‘गिफ्ट’ लिहायला किंवा किंमत कमी दाखवायला सांगू नका. पार्सल उघडून मूल्य ठरवलं गेलं तर तुमचा कागद खोटा ठरतो आणि ते सोडवायला दुप्पट वेळ जातो.

6. जोडणीचं सामान

- एम 65 मापाचा हेलिकॉइड. ही फिरवली की लांब-आखूड होणारी धातूची नळी आहे, आणि हीच तुमची फोकस रिंग. 25 ते 55 मिमी असा पल्ला असलेला घ्या.
- एम 65 पासून तुमच्या कॅमेऱ्याच्या माउंटपर्यंतचा अडॅप्टर.
- लेन्सची नळी हेलिकॉइडमध्ये धरून ठेवणारी बाही. ही थ्रीडी प्रिंट करून घ्यायची.
- व्हर्नियर कॅलिपर. स्टीलची पट्टी चालणार नाही.
- आतून लावायला काळा मखमली चिकट कागद किंवा मॅट काळा रंग.
- कॅमेऱ्याचं बॉडी कॅप, ब्लोअर, ॲलन की.

एम 42 चा हेलिकॉइड स्वस्त आहे आणि जास्त मिळतो, म्हणून बरेच जण तोच मागवतात. अडचण अशी की घरगुती स्लाइड प्रोजेक्टरच्या बऱ्याच लेन्सच्या नळीचा बाहेरचा व्यास 42.5 मिमी असतो (काहींचा 52.5). एम 42 मध्ये ती आत शिरतच नाही. त्यातून अनेक लेन्समध्ये काचा पुढच्या टोकाला आणि मागे नुसती पोकळ शेपटी असते. शेपटी बाहेरच राहिली तर काच सेन्सरपासून इतकी लांब जाते की फक्त अगदी जवळचंच दिसतं. एम 65 मध्ये शेपटी आत सरकते आणि हा प्रश्न मिटतो.

7. बसवणं

घाई इथे करू नका. एकदा माप बरोबर आलं की पुढचं सगळं सोपं आहे.

*क. अंतर शोधा.* संध्याकाळी, पंखा बंद करून, खिडकीपाशी बसा. कॅमेऱ्याचं माउंट उघडं ठेवून स्क्रीन चालू करा. लेन्स हाताने माउंटसमोर धरा आणि दूरची इमारत किंवा टॉवर स्पष्ट दिसेपर्यंत पुढे-मागे करा. लेन्सभोवती काळं कापड गुंडाळलं तर कडेचा उजेड येत नाही. स्पष्ट दिसलं की घरातल्या कोणाला तरी माउंटच्या कड्यापासून लेन्सच्या नळीच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजायला सांगा. एकट्याने हे जमत नाही. तीनदा मोजा. हे तुमचं ‘अनंत’ अंतर. नळी याहून मागे जायची गरज नाही, आणि याहून पुढे अडकली तर दूरचं कधीच स्पष्ट होणार नाही.

*ख. पल्ला तपासा.* जवळ फोकस करायला लेन्स किती पुढे न्यावी लागेल याचा हिशेब सोपा आहे: फोकल लांबीचा वर्ग भागिले (वस्तूचं अंतर वजा फोकल लांबी). 100 मिमी लेन्सला 1 मीटरवर फोकस करायला सुमारे 11 मिमी, अर्ध्या मीटरवर 25 मिमी. 80 मिमीला तेच अनुक्रमे 7 आणि 15 मिमी. म्हणजे 30 मिमी सरकणारा हेलिकॉइड दोघींनाही पुरतो.

*ग. बाही बनवून घ्या.* आतला व्यास नळीपेक्षा 0.2 ते 0.3 मिमी जास्त, बाहेर हेलिकॉइडच्या आट्यांत बसेल असा काठ, आणि बाजूला तीन बारीक स्क्रू. स्क्रूंची टोकं नायलॉनची घ्या; पेंटाकॉन एव्हीची नळी प्लास्टिकची असेल तर लोखंडी टोकं तिला खड्डे पाडतात. प्रिंट करणाऱ्याला नुसतं चित्र दाखवू नका, लेन्स घेऊन जा. काळ्याच रंगात प्रिंट करायला सांगा.

*घ. बसवा आणि स्क्रू आवळा.* हेलिकॉइड पूर्ण आत घ्या, लेन्स बाहीत सरकवा, दूरचं स्पष्ट दिसेल तिथे थांबवा, मग आवळा. शेपटी शटरच्या दिशेने माउंटच्या आत जाता कामा नये. जात असेल तर ती कापावी लागेल; पण काचा आत असताना करवत चालवू नका. धातूचा चुरा भिंगांमध्ये आणि नंतर सेन्सरवर जातो. आधी काचा काढा, त्यांचा क्रम आणि दिशा यांचा फोटो घ्या, मग कापा.

*च. आतून काळं करा.* हे लोक टाळतात आणि मग लेन्सला नावं ठेवतात. चकचकीत नळीत उजेड आपटून फोटोच्या मधोमध पांढरट डाग पडतो. मखमली कागद लावला की कॉन्ट्रास्टमधला फरक लगेच दिसतो. पुढेही काळ्या कागदाचं हूड हवंच, कारण आपण जवळजवळ नेहमी उजेडाच्या दिशेने फोटो काढणार आहोत.

8. कॅमेऱ्यातली सेटिंग

कॅमेऱ्याला लेन्स लागली आहे हे कळतच नाही, म्हणून आधी ‘रिलीज विदाउट लेन्स’ किंवा ‘शूट विदाउट लेन्स’ चालू करा. मोड ॲपर्चर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर तिथे फोकल लांबी हाताने भरा, आणि लेन्सवर लिहिलेलीच भरा. क्रॉपचा गुणाकार करून 150 भरू नका. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगाने दाखवणारी सोय) चालू ठेवा, पण नेमक्या फोकससाठी भिंग-बटणाने प्रतिमा मोठी करूनच बघा. या लेन्सच्या हलक्या चमकेमुळे पीकिंग फसतं.

आता एक सापळा, जो फारसं कोणी सांगत नाही. ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन’ शटर चालू असेल तर 1/2000 च्या वरच्या वेगांना चकत्यांचा एक काठ कापल्यासारखा येतो. तुमचे गोल फुगे अर्धवट दिसले की दोष लेन्सला देऊ नका. पूर्ण मेकॅनिकल शटर करा. आणि एलईडी माळांसमोर पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर नको, पट्टे येतात.

छिद्र एफ 2.8 वर अडकलेलं असल्याने भर उन्हात आयएसओ 100 ला साधारण 1/3200 लागतो. कॅमेरा 1/4000 पर्यंत जात असेल तर निभतं. नाहीतर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी राखाडी काच) पुढे टेकवा.

9. फुगे दिसायला उजेड हवा

लेन्स बसवली, बागेत गेलात, पानांचे फोटो काढले आणि फुगे कुठेच नाहीत, फक्त गिचमिड. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. फुगा म्हणजे एका लहान, तेजस्वी ठिपक्याची चकती. ठिपका नसेल तर चकती कशाची?

पावसाळा सरल्यावरची सकाळ सगळ्यात चांगली. सूर्य वर येऊन थोडाच वेळ झालाय, हरळीवर दव आहे, आणि मागे सावलीतली झाडं किंवा भिंत. जमिनीवर पोटावर झोपा, लेन्स गवताच्या पातळीला आणा, सूर्याकडे तोंड करा पण सूर्य फ्रेमच्या बाहेर ठेवा. जवळच्या एका पात्यावर फोकस करा. मागच्या पात्यांवरच्या प्रत्येक थेंबाचा फुगा होतो. आता डोकं न हलवता कॅमेरा एक वीतभर उजवीकडे सरकवा: फुगे जागा बदलतात, काही विझतात, काही पेटतात. ही सरकवासरकवी म्हणजेच रचना.

फुगे किती मोठे होतील? 100 मिमी लेन्सने 1 मीटरवर फोकस केला तर खूप दूरच्या दिव्याची चकती सेन्सरवर सुमारे 4 मिमीची होते, म्हणजे फुल फ्रेमच्या रुंदीच्या नवव्या भागाइतकी. अर्ध्या मीटरवर ती जवळपास 9 मिमी होते. म्हणून फुगे मोठे हवेत तर विषयाच्या जवळ जा. विषय आणि दिवे यांच्यातलं अंतर वाढवलं तरी मोठे होतात, पण एका मर्यादेपर्यंतच. फार मोठे झाले की एकमेकांवर चढून कडा हरवतात. मला मध्यम आकाराचे, सुटे सुटे फुगेच आवडतात.

गणपतीत आणि दिवाळीत काम सोपं होतं. मूर्तीच्या किंवा पणतीच्या मागे तीन-चार मीटरवर छोट्या बल्बची माळ सोडा, मागची भिंत अंधारात ठेवा. मोठे बल्ब नको, त्यांचे फुगे न होता ढेकळं होतात. सकाळी बाहेर जाणं होत नसेल तर काळ्या कापडावर फवारणीच्या बाटलीने पाणी मारा आणि मागून टेबललॅम्प टाका. सराव घरातच होतो.

फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. जुन्या थरामुळे काळा रंग जरा राखाडी येतो. एडिट करताना काळे खाली ओढले की कडा उठून दिसतात. क्लॅरिटी मात्र वाढवू नका, कडा चरचरीत होतात.

10. आपल्या हवेत सांभाळणं

मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात बुरशी लागायला वेळ लागत नाही. चामड्याच्या जुन्या केसमध्ये लेन्स अजिबात ठेवू नका, ओल तिथेच धरते. ड्राय कॅबिनेट असेल तर आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांवर ठेवा. नसेल तर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेलचे दाणे रंग बदलले की ते तापवून परत वापरता येतात. बुरशी असलेली लेन्स घेतलीच असेल, तर ती साफ होईपर्यंत बाकीच्या लेन्सच्या डब्यात जाऊ देऊ नका.

हेलिकॉइड बाहेर काढलेला असताना बॅगेत टाकू नका. आखूड करूनच ठेवा. आणि बाहीचे तीन स्क्रू दर वेळी निघण्याआधी हाताने तपासा. गाडीच्या हादऱ्यांनी ते सैल होतात, आणि लेन्स पुढच्या बाजूने सरकून खाली पडू शकते.